घर कुणाला मिळणार, हे कोणत्या ओळीत ठरतं?

‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.’ पेपरात ही ओळ आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरात येते. वर कलमांचे आकडे, खाली कुठल्यातरी अवर सचिवाचं नाव. आपण पान उलटतो. मला मात्र गेली काही वर्षं ही पानं वाचायची खोड लागली आहे. घरच्यांना ती आवडत नाही, पण आज तिचा उपयोग करून घेतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

निमित्त सगळ्यांना माहीत आहे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. ‘माझे घर, माझा अधिकार’ हे ब्रीद, २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक. हे आकडे सगळ्या चॅनेलवर झळकले. पण धोरण म्हणजे इरादा. तो खाली उतरतो नियमांतून, शासन निर्णयांतून, परिपत्रकांतून, आणि ते पुढची काही वर्षं एकेक करून निघत राहणार. आपली भांडणं घोषणेवर होतात. ‘३५ लाख शक्य आहेत का’ यावर कट्ट्यावर तास जातो. मी म्हणतो, ते राहू द्या. आपल्या राज्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास बघा. घर कुणाला मिळालं आणि कोण बाहेर राहिलं, हे घोषणेत क्वचितच ठरलं. ते ठरलं एखाद्या तारखेत, एखाद्या व्याख्येत, एखाद्या चौरस मीटरच्या आकड्यात.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला, शहर घाबरलं, आणि १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. दाट वस्ती पाडायची, रुंद रस्ते काढायचे, गरिबांसाठी हवेशीर खोल्या बांधायच्या. आपण आजही ‘बीआयटी चाळ’ म्हणतो ती या ट्रस्टची. रस्ते झाले. खोल्याही झाल्या, पण पाडल्या त्यापेक्षा कमी. आणि ज्यांची खोली पाडली तोच माणूस नव्या खोलीत गेला असं बहुतेक वेळा झालं नाही. त्याला भाडं परवडेना, तो शेजारच्याच जुन्या चाळीत आणखी दाटीनं राहायला गेला. पाडलेल्या खोलीतल्या माणसाचं पुढं काय, हा प्रश्न ट्रस्टच्या कारभारात दुय्यम होता. आज पुनर्विकासाच्या बैठकीत ‘ट्रान्झिटचं काय?’ असं जी बाई उठून विचारते, ती तोच प्रश्न विचारत असते.

मग १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला आणि ५० हजार खोल्या बांधायचं ठरलं. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, खोली १६० चौरस फुटांची. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यातल्या कित्येक रिकाम्या पडून होत्या. शहरात माणसं फुटपाथवर आणि सरकारी खोल्यांना भाडेकरू नाही! भाडं आणि गिरणीपासूनचं अंतर, दोन्ही गोष्टी गिरणी कामगाराच्या हिशेबात बसत नव्हत्या. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या चाळी सरकारनं तुरुंग म्हणून वापरल्या. राहायला माणूस मिळेना तर कैदी ठेवा. त्याच वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगली गोष्ट आहे, उगाच नाक मुरडणार नाही.

तारखेनं शहर कसं घडतं ते बघायचं तर १ सप्टेंबर १९४०. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात प्रमाण भाडं या दिवशी जे होतं ते, असं धरलं. युद्धकाळातल्या महागाईपासून भाडेकरू वाचावा म्हणून केलेली तात्पुरती सोय. ती अर्धशतक चालली. भाडेकरू वाचला हे खरंच, माझ्यासारखी हजारो कुटुंबं त्या एका ओळीमुळे लालबाग-परळात टिकली. पण मालकानं डागडुजी सोडली, इमारती कोसळायला लागल्या, मग १९६९ मध्ये उपकराचा कायदा आणि दुरुस्ती मंडळ आलं. ‘सेसची बिल्डिंग’ हा शब्द तिथून आला. तात्पुरत्या नियमाला शेवटची तारीख नसली की काय होतं, त्याचं हे जुनं उदाहरण.

आता झोपडपट्टीकडे येऊ, कारण तारखेचा खेळ खरा तिथं रंगला.

१९७१ मध्ये महाराष्ट्राचा झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास कायदा झाला. जानेवारी १९७६ मध्ये सरकारनं मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात गणना केली आणि कुटुंबांना फोटोपास दिले. नवरा-बायको, पोरं, मागे पत्रा, हातात नंबराची पाटी. या कागदानं पहिल्यांदा झोपडीवाल्याला सरकारदरबारी अस्तित्व दिलं. आणि त्याच कागदानं एक रेघही मारली. या दिवशी इथं होतास तर तू आहेस, नव्हतास तर नाहीस. १९८१ मध्ये फुटपाथवरच्या झोपड्या पाडल्यावर पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ चा निकाल आपण ‘जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आला’ म्हणून शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण निकालाच्या शेवटी पर्यायी जागा कुणाला, याचं उत्तर पुन्हा १९७६ च्या गणनेपाशीच येऊन थांबलं होतं.

पुढं रेघ सरकत गेली. १९७६ ची १९८० झाली, मग १९८५. १९९५ मध्ये युती सरकारनं अफझलपूरकर समितीच्या अहवालावर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणलं, तेव्हा १ जानेवारी १९९५. २००४ च्या निवडणुकीत २००० चं आश्वासन दिलं गेलं, कायद्यात ते यायला २०१४ उजाडलं. त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना सशुल्क घर, आणि ते शुल्क अडीच लाख हे ठरलं २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी सभेत टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवणाऱ्यांना दोष देत नाही, ज्याच्या डोक्यावर बुलडोझर उभा आहे तो टाळ्या वाजवणारच. पण तारीख पुढं सरकते तेव्हा पुरावा द्यायचं ओझं मात्र हलत नाही. मतदार यादीत नाव हवं, त्याच पत्त्यावर हवं, नाव-आडनाव सगळीकडे सारखं हवं. तुकाराम एका कागदावर तुकाराम आणि दुसऱ्यावर ‘तुकाराव’ झाला की तो परिशिष्ट-दोनमध्ये अपात्र. आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी आहेत. १९८० च्या सुमारास लग्न होऊन आल्या, त्याच खोलीत म्हाताऱ्या झाल्या. नवरा वारल्यावर नाव बदलायचं राहिलं, विजेचं बिल दिराच्या नावावर निघालं. त्या तिथं राहतात हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे. त्यांची फाईल सांगते, राहत नाहीत.

(जाता जाता. एसआरएचं घर आधी २२५ चौरस फूट, नंतर २६९, आता ३००. हा २६९ कुठून आला असं मला फार दिवस वाटायचं. २५ चौरस मीटरचे फूट केले की २६९ होतात, बस्स. ज्यांनी ठरवलं ते मीटरमध्ये विचार करत होते, ज्यांना राहायचं ते फुटांत.)

आणखी एक आकडा बदलला, तो कुणाच्या भाषणात फारसा आला नाही. योजना राबवायला झोपडीधारकांची ७० टक्के संमती लागायची, ती ५१ टक्के झाली. रखडलेल्या योजना सुटाव्यात म्हणून, हे कारण मान्य. पण ७० टक्क्यांना विकासकाला जवळपास सगळ्या गल्ल्यांत फिरावं लागायचं. ५१ ला अर्ध्या गल्ल्यांत फिरलं तरी भागतं. उरलेल्या अर्ध्यांचं मोल त्या एका आकड्यानं उतरलं.

आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला बसलो ती. नियम ५८.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी हा नियम होता. १९८२ चा संप होऊन गेला होता, अडीच लाख कामगारांची वाताहत झाली होती, गिरण्या आजारी किंवा बंद, आणि शहराच्या मध्यात सहाशे एकरांच्या घरात जमीन. नियम साधा होता. मालकाला जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे होतील. एक महापालिकेला, मैदानं-बागांसाठी. एक म्हाडाला, सर्वसामान्यांच्या घरांसाठी. तिसरा मालकाचा. नेमके वाटे गिरणीच्या आकारावर. पाच हेक्टरपर्यंत महापालिका ३३ टक्के, म्हाडा २७, मालक ४०. दहा हेक्टरच्या वर गेलात तर म्हाडा ३७ आणि मालक ३०. गिरणगावात लोक म्हणायचे ‘एक तृतीयांश’, आणि ढोबळमानानं ते खरंच होतं.

दहा वर्षं झाली, जमीन फारशी आली नाही. मालक म्हणायचे, दोन वाटे देऊन आम्हाला काय उरतं? देणी कुठून द्यायची? गिरणी तशीच पडू दिली की काहीच द्यावं लागत नव्हतं. म्हणजे १९९१ च्या नियमात खोट होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नियम न्याय्य होता, पण बसून राहणाऱ्याला त्याचा काही त्रास नव्हता.

२००१ च्या मार्चमध्ये नियम बदलला. वाटे तेच राहिले, टक्केवारी तीच राहिली. बदललं ते एवढंच, की वाटे कशाचे करायचे. आधी गिरणीच्या सगळ्या जमिनीचे. आता फक्त मोकळ्या जमिनीचे. ज्या जमिनीवर शेड उभी आहे, खातं आहे, गोदाम आहे, ती वाटणीतून बाहेर. शेड पाडली तरी तिथलं बांधकाम मालकाचंच.

समजा दहा एकरांची गिरणी आहे, सात एकरांवर शेडी आणि तीन एकर मोकळे. जुन्या नियमानं महापालिकेला ३.३ एकर, म्हाडाला २.७, मालकाला ४. नव्या नियमानं वाटणी तीन एकरांचीच. महापालिकेला एक एकर, म्हाडाला पाऊण एकराच्या जरा वर, आणि मालकाकडे आठ एकरांहून जास्त. ज्यांनी गिरण्या आतून पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको, गिरणीत मोकळी जागा असते किती? शेडीला शेड लागलेली असायची. माझे वडील गिरणीत होते, ते सांगायचे की पावसात एका खात्यातून दुसऱ्यात जाताना डोकं भिजायचं नाही.

हे लक्षात यायला लोकांना वेळ लागला. टक्केवारी वाचणाऱ्याला वाटलं काही बदललंच नाही. २००५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपनं जनहित याचिका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. गिरणगावात त्या दिवशी दिवाळी आधीच आल्यासारखं वाटलं. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि २००१ चा नियम कायम राहिला. कामगारांची आणि बँकांची देणी, बंद गिरण्यांचं पुनर्वसन, हेही न्यायालयापुढं होतं. मी वकील नाही, निकालाची चिरफाड करणार नाही. पण आज लोअर परळच्या पुलावरून दोन्ही बाजूंना जे दिसतं आणि जे दिसत नाही, मैदान नाही, कामगाराची वस्ती नाही, त्याची मोजणी ‘मोकळी’ या एका विशेषणापाशी सुरू होते.

गिरणी कामगारांना घरं द्यायची ती म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर. वाटा आक्रसला तशी घरंही. अर्ज आले दीड लाखाच्या वर. १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर जो गिरणीच्या पटावर होता तो किंवा त्याचा वारस पात्र, म्हणजे इथंही एक तारीख आहेच. पहिली सोडत निघाली जून २०१२ मध्ये, ६,९२५ घरं, किंमत साडेसात लाख. मग २०१६ मध्ये २,६३४ घरं, किंमत साडेनऊ लाख. मार्च २०२० मध्ये ३,८९४. पनवेलजवळ कोनला आणखी काही. बेरीज करा आणि दीड लाखांतून वजा करा. संपाच्या वेळी जो तिशीत होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. अर्ज करणारे बरेच आता वारस आहेत, आमच्या घरचा अर्जही त्यातलाच. वारसाचा दाखला, गिरणीचं तिकीट, पीएफची स्लिप, सेवा प्रमाणपत्र. कंपनी बंद, ऑफिस पाडलेलं, तिथं आता काचेचा टॉवर. सेवा प्रमाणपत्र कुणाकडून आणायचं?

आणि आता शेलू-वांगणी. मुंबईत जमीन नाही, म्हणून कामगारांना तिथं घरं द्यायचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर कामगार आणि वारस जमले ते ‘मुंबईतच घर द्या’ म्हणून. त्यात आणखी एक मागणी होती, जिची बातमी कमी झाली. तिथलं घर नाकारलं तर घराचा हक्कच जातो, अशी अट शासन निर्णयात घातली होती, ती काढा. बघा, घोषणा काय तर ‘कामगारांना घरं’. आणि आत एक कलम, जे हो-नाही विचारता विचारता दीड लाखांची यादी छोटी करून टाकू शकतं. म्हाताऱ्या कामगारांनी ते कलम शोधून काढलं याचं मला फार कौतुक आहे.

मुंबईबाहेरच्यांनी असं समजू नये की हा मुंबईचाच त्रास. नाशिक घ्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यानं सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा नियम आणला, लोक त्याला ‘२० टक्के योजना’ म्हणतात. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिका हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा जास्त भूखंडावर प्रकल्प करायचा तर २० टक्के घरं किंवा भूखंड दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी, ३० ते ५० चौरस मीटरचे, म्हाडाच्या सोडतीतून. सरकारचा स्वतःचा पैसा न लावता गावात मध्यावर गरिबाला घर. कल्पना मला आजही आवडते. २०२० च्या एकत्रित नियमावलीतही ती राहिली.

४,००० चौरस मीटर म्हणजे साधारण साडेएकोणचाळीस गुंठे. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार एकरात होतो, आणि एकर चाळीस गुंठ्यांचा. म्हणजे एकराला अर्धा गुंठा कमी पडला की नियम हजर. मग सात-बारावर काय होईल हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायची गरज नाही. जमिनीची फाळणी होते, एक तुकडा बायकोच्या नावे, एक भागीदाराच्या, प्रत्येक तुकडा चार हजारांच्या आत. २०२२ मध्ये नाशिकमध्ये ही घरं म्हाडाला मिळालीच नाहीत असा आरोप तेव्हाच्या गृहनिर्माणमंत्र्यांनीच केला, विधान परिषदेत विषय गाजला, महापालिका आयुक्तांची बदली झाली. कोण किती दोषी हे मी सांगणार नाही. माझा प्रश्न नियम लिहिणाऱ्याला आहे. ‘२०१३ नंतर मूळ भूखंडाचे तुकडे केले असतील तर ते एकत्र धरावेत’ असं एक वाक्य पहिल्याच दिवशी मसुद्यात ठळक असतं, तर तुकडे पाडून फायदा काय उरला असता?

दहा लाखांची अटही अशीच. लोकसंख्या कुठली, तर शेवटच्या जनगणनेची. शेवटची जनगणना २०११ ची, २०२१ ची झालीच नाही. २०११ मध्ये सोलापूर शहराची लोकसंख्या होती साडेनऊ लाखांच्या जरा वर. दहा लाखांना पन्नासेक हजार कमी. चौदा वर्षांत सोलापुरात पन्नास हजार माणसं वाढली नाहीत, असं कुणी म्हणेल का? पण कागदावर सोलापूर २०११ मध्येच थांबलं आहे. आणि हे ते सोलापूर, जिथं विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून गोदूताई परुळेकर यांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली, आणि नंतर रे नगरची पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात आली. स्वस्त घरासाठी भांडणाऱ्या गावांत सोलापूरचा नंबर पहिला लागेल, आणि २० टक्क्यांच्या नियमात ते जनगणना न झाल्यामुळे बसत नाही.

शेवटचा आकडा उत्पन्नाचा. २०२२ च्या मे महिन्यात म्हाडाच्या सोडतीच्या उत्पन्न मर्यादा बदलल्या. आधी दुर्बल गट म्हणजे महिना २५ हजारांपर्यंत. मुंबई-पुण्यासारख्या महानगर प्रदेशांत ती वर्षाला सहा लाख झाली, म्हणजे महिना ५० हजार. इतरत्र साडेचार लाख. महागाई बघता मर्यादा वाढायलाच हवी होती. पण त्यामुळे धुणीभांडी करून पंधरा हजार मिळवणारी बाई आणि पन्नास हजार पगाराचा तरुण एकाच चिठ्ठीच्या डब्यात आले. चिठ्ठी दोघांना सारखीच निघेल, सोडत पारदर्शक आहे. कर्ज सारखं मिळेल का?

२०२३ च्या मुंबईच्या सोडतीत पहाडी गोरेगावला दुर्बल गटासाठी पंतप्रधान आवास योजनेतली घरं होती, किंमत ३० लाखांच्या वर. योजनेची उत्पन्न मर्यादा सुरुवातीला वर्षाला तीन लाख. हिशेब साधा आहे. २५ लाखांचं कर्ज, वीस वर्षं, ९ टक्के व्याज, हप्ता साडेबावीस हजार. पगार पंचवीस हजार. राहिलेल्या अडीच हजारांत किराणा, शाळा, लोकलचा पास. सोडत चालू असतानाच मर्यादा सहा लाखांवर नेली गेली, कारण हे गणित कुणालाही जमत नव्हतं. बरोबर केलं. पण त्याचा अर्थ असा, की ज्याच्यासाठी घर बांधलं त्याला ते घेता येत नाही हे कळल्यावर घराची किंमत बदलली नाही, गरिबाची व्याख्या बदलली. अनामत रक्कमही त्या सोडतीत दुर्बल गटाला २५ हजार होती. नुसती चिठ्ठी टाकायला महिन्याचा पगार.

आता पुढं जे मसुदे येतील त्यांचं काय करायचं? नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली शासन नियमावली बदलतं तेव्हा राजपत्रात आणि पेपरात सूचना द्यावी लागते, हरकतींसाठी साधारण महिना असतो, मग सुनावणी. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. त्याबरोबरच कलम १५४ आहे. त्याखाली शासन निर्देश देऊन प्रस्तावित बदल लगेच लागू करू शकतं, आणि तो मार्ग बऱ्याचदा वापरला जातो. म्हणजे तुम्ही हरकत लिहीत बसला असता नियम चालूही झालेला असतो. तरी लिहाच. नोंद झालेली हरकत पुढं कोर्टात कागद म्हणून उभी राहते, सोशल मीडियावरचा राग राहत नाही.

मी मसुदा वाचताना टक्केवारी शेवटी वाचतो. आधी व्याख्या वाचतो. ‘भूखंड’ म्हणजे काय धरलंय, ‘कुटुंब’ म्हणजे कोण, सासू-सून एका खोलीत दोन चुली करत असतील तर एक कुटुंब की दोन. मग ‘शासन वेळोवेळी निश्चित करील’ हे शब्द किती ठिकाणी आहेत ते पेन्सिलीनं मोजतो, कारण तिथं तिथं खरा नियम अजून लिहिलेलाच नाही, तो पुढं एखाद्या परिपत्रकात येणार. मग घर नाकारलं, हप्ता चुकला, कागद उशिरा आला तर काय होतं ते शोधतो. ते सहसा शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतं.

नाशिक, सोलापूर, संभाजीनगरच्या मित्रांनी आपापल्या महापालिकेत ४,००० मीटरच्या वरचे किती प्रकल्प मंजूर झाले आणि त्यातली किती घरं म्हाडाकडे गेली, हे माहिती अधिकारात विचारून इथं टाका. अर्जाचा नमुना हवा असेल तर मी देतो. आणि ज्यांच्या घरी १९७६ चा फोटोपास, गिरणीचं तिकीट किंवा जुन्या मतदार यादीची प्रत असेल, त्यांनी आज चार झेरॉक्स काढून एक संच दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. मूळ कागद कुणी मागितला तर पोच घेतल्याशिवाय देऊ नका.